नऊ दिवसांचा पंप

आमच्या मालकांची एक खोड लग्नापासून माझ्या डोक्यात जाते. घरातली कुठलीही वस्तू संपली, की ते अशा थाटात सांगतात जणू ती शेजाऱ्यानं संपवली आणि हे नुसते बातमी घेऊन आले. साखर संपली, काडेपेटी संपली, अंगाचा साबण संपला. यांचा हात त्याला कधी लागलेलाच नसतो.

त्या दिवशीही तसंच. आठ-नऊ वर्षं झाली असतील. पाडवा नुकताच झाला होता आणि वर्षाची चटणी कुटून न्यायला बायकांची रांग लागली होती. आमचा मिरची कुटायचा डंक आहे. टोकाला लोखंडी टोपणं बसवलेली चार मुसळं विजेवर वरखाली होतात, आणि खालची मिरची सारखी करत बसायचं काम माझं. मी तोंडाला पदर बांधून बसले होते. मालक दारापर्यंत आले, आत येईनात. तिथूनच दम्याचा पंप वर धरून म्हणाले, "संपला."

मी डंक बंद केला.

"काय संपला?"

"पंप."

"आणून नऊ दिवस झाले."

"मग संपला."

"मग म्हंजे? सकाळी दोन झुरके, सांजचे दोन, असं डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत सांगितलंय. एकशेवीस झुरक्यांचा पंप. महिना गेला पायजे."

मालकांनी कान खाजवला. खोटं बोलायचं असलं की त्यांना कानाला खाज सुटते, हे मी लग्नाच्या हळदीतच ओळखलं होतं.

"सध्या हवा कोरडी हाय," ते म्हणाले.

रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. मी डंक पुन्हा चालू केला, म्हणजे हसणं ऐकू येईना.

मी तिसरीपर्यंत शिकले, पण मापात मला कुणी फसवलेलं नाही. एका पंपाचे पैसे सुटायला मला बारा किलो मिरची कुटावी लागायची. महिन्याला एक, तर ठीक. नऊ दिवसांना एक म्हटल्यावर, मी दम्यासाठी मिरची कुटायची आणि मिरचीनं आणखी दमा करून घ्यायचा, असा तो कारभार झाला असता. मालक पेन्शनीत निघालेले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. आयुष्यभर दुसऱ्याचा ऊस मोजला, स्वतःचे झुरके मोजता येईनात. दमा निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तंबाखू बंद करायला लावली. कमरेची चंची गेली आणि त्या जागी पंप आला. एवढं एक त्यांनी मुकाट्यानं ऐकलं होतं, त्याचं मला कौतुकही होतं.

एवढं ऐकणारा माणूस पंपात चोरी करायचा नाही, म्हणजे चोर दुसरा कुणीतरी होता. मी मेडिकलवाल्यावर संशय घेतला.

दुसऱ्या दिवशी डंकावरचा इलेक्ट्रॉनिक काटा पिशवीत घातला आणि शीतल मगदूमच्या दुकानात गेले. काटा त्याच्या काउंटरवर मांडला.

"शीतल, नवा पंप ठेव ह्याच्यावर."

"काकी, पंप वजनावर देत नाहीत."

"माझ्याकडनं चटणी नेताना वजन करून घेतोस ना? ठेव."

पोरगं गरीब, त्यानं ठेवला. मी म्हटलं, दुसरा ठेव. दुसरा ठेवला. तिसराही ठेवला. तिन्हींचं वजन एकच. मला जरा रागच आला.

"तिन्ही अर्धेच भरलेले असणार," मी म्हणाले.

तोवर दुकानात चार गिऱ्हाइकं जमली होती. डोकेदुखीची गोळी न्यायला आलेला एक जण म्हणाला, "माझीबी गोळी ठेवा काट्यावर, काकी आहेत तोवर."

शीतलनं त्याला गोळी देऊन वाटेला लावलं आणि माझ्याकडं वळला. "काकी, भांडायचंच असलं तर किमतीवर भांडा, त्यात तुमचा फायदा हाय. तुमच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी कंपनीचं नाव लिहिलंय. त्यांना म्हणावं, आतल्या औषधाचं नाव लिहून द्या. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं निम्म्या किमतीला येतं. तालुक्याला जेनेरिकचं दुकान हाय, तिथं तर अजून कमी."

"मग आजवर बोलला का न्हाईस?"

"विचारलं कुठं? तुम्ही आल्या आल्या काटा काढलासा."

मेडिकलवाला आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात धाडतोय म्हणजे त्यानं माझी धास्ती घेतली, असं मी समजले आणि मान वर करून बाहेर पडले. आता वाटतं, पोरगं नुसतं भलं होतं.

तसंच एसटीनं तालुक्याला गेले. हेरवाडे डॉक्टरीणबाई वयानं माझ्या सुनेएवढ्या, पण बोलायला गोड. औषधाचं नाव लिहून द्या म्हटल्यावर लगेच लिहून दिलं. वर एक प्लॅस्टिकचं नळकांडं दिलं. पंप ह्याला लावायचा आणि नळकांड्यातून ओढायचा, म्हणजे औषध घशाला चिकटून वाया जात नाही, सगळं छातीत उतरतं. मला हे पटलं. मसालासुद्धा झाकण लावूनच कुटावा लागतो.

"एक पंप किती दिवस जातो काकांना?" बाईंनी सहज विचारलं.

"नऊ."

बाईंचं पेन थांबलं. "नऊ दिवसांत एकशेवीस? काकू, दिवसाला तेरा-चौदा होतात. इतके लागत असतील तर दमा हाताबाहेर चाललाय. किमतीचं मागाहून बघू, आधी काकांना इथं आणा. असं असताना माणूस कधीकधी बसल्या जागी..." त्या थांबल्या. "घरात धूर, धूळ, असलं काही आहे का?"

"न्हाई," मी म्हणाले.

तेवढ्यात बाईंना लागोपाठ दोन शिंका आल्या. माझ्या लुगड्याचा वास घेऊन त्यांनी मान हलवली.

जेनेरिकच्या दुकानात आधीच्या एका पंपाच्या पैशात दोन पंप आले. एरवी मी ही बातमी वेशीपासून घरापर्यंत सांगत आले असते. त्या दिवशी एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले. शेजारची बाई म्हणाली, "काकी, बरं वाटंना व्हय? मघापासनं गप्प हायसा." मला गप्प बघून लोकांना आजाराची शंका येते, एवढं माझं नाव आहे.

घरी आले तर मालक जेवत होते. चौथी भाकरी चालली होती. मरायला टेकलेला माणूस चौथी भाकरी खातो का? पण मग तेरा-चौदा झुरके जातात कुठं? मला वाटलं, माझ्यापुढं धडधाकट दाखवतात आणि आडोशाला जाऊन ओढतात. डंकापाशी आत का येत नाहीत, दारातूनच का बोलतात, हेही आता ध्यानात आलं. नवऱ्याला मीच मिरचीची धुरी देत होते म्हणायची.

"डॉक्टरीणबाईंनी बोलवलंय तुमाला," मी म्हणाले.

"जाऊ की पुढच्या सोमवारी."

"काय तरास हुतोय का?"

"छे," म्हणत त्यांनी कान खाजवला.

आणखी खोदून मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित उत्तर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी डंक बंद ठेवला. ऐन चैत्रात. आलेल्या बायकांना सांगितलं, मुसळ मोडलंय. त्या मिरच्यांचे डबे उचलून खालच्या आळीला हिराबाईच्या डंकावर गेल्या, आणि हिराबाई चटणीत मीठ किती घालते हे ठाऊक असून मी त्यांना जाऊ दिलं. सून प्राजक्ता मला म्हणाली, "आत्या, मुसळ तर चांगलं आहे." मी म्हटलं, "तू लेकराचा अभ्यास घे."

पण आमच्या गावात बातमी माणसाच्या आधी पोचते. दुपारी केरबा लोहार हातोडा घेऊन हजर. माझ्या डंकाची टोपणं तोच बसवायचा. महिनाभर दोन टोपणं घडवून देतो म्हणून नुसता झुलवत होता, आणि आज न बोलवता आला. केरबा म्हणजे ताठ माणूस. त्याला चहा पाजला, तर दुसऱ्या दिवशी परड्यातली लिंबं आणून ठेवायचा. कुणाचं काही अंगावर ठेवायचा नाही.

आल्या आल्या तो पायरीवर बसला. हात गुडघ्यांवर रोवून नुसता वाकून राहिला.

"ह्या गल्लीचा चढ वाढलाय, वैनी," शेवटी म्हणाला.

"गल्ली तीच हाय. तुमचं वय वाढलंय."

तो उठला, मुसळं बघितली, वाजवून बघितली. "मुसळ शाबूत हाय की."

"आतनं मोडलंय."

"लोखंड आतनं कसं मोडतंय?"

"माणूस मोडत न्हाई का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मग ते काम मला जमायचं न्हाई," म्हणाला आणि हातोडा उचलून निघाला. कोपऱ्यापर्यंत जाताना दोनदा टेकला. मी ते बघितलं आणि मनात म्हणाले, टोपणं न देण्याचे बहाणे.

डंक बंद ठेवून चार दिवस झाले. नवा पंप हलवून बघितला तर हलका लागला. मग मात्र मी काटा बाहेर काढला. सकाळी मालकांनी झुरके घेतले की पंप काट्यावर. दुपारी काट्यावर. ते दूध घालायला डेअरीवर निघाले की काट्यावर, परत आले की काट्यावर. मालक नुसते बघायचे. विचारायची छाती नव्हती, दम्यामुळं म्हणा की माझ्यामुळं.

दोन दिवसांत उलगडा झाला. सकाळपासून पाच वाजेपर्यंत वजन हलत नव्हतं. डेअरीवरून आले की पंप एका ग्रॅमनं कमी.

म्हणजे धाप घरी लागत नव्हती, डेअरीवर लागत होती. चढावर लागत असणार. तिसऱ्या दिवशी ते किटली घेऊन निघाले, तशी मी मागच्या वाटेनं आधी पोचले आणि डेअरीच्या भिंतीला लागलेल्या पेंडीच्या पोत्यांआड बसले. पडले तर धरायला कुणीतरी हवं.

मालक आले. कुठं धाप नाही, काही नाही. दूध घातलं, फॅट किती लागला यावर वाद घातला आणि शेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसले. तिथं रोजचे सहा जण होते. आमच्याकडं कट्ट्याची एक रीत आहे. चंची निघाली की ती एकट्याच्या मांडीवर राहत नाही, सगळ्यांच्या हातातून फिरते. कुणी कुणाला मागत नाही आणि कुणी कुणाचे उपकार मानत नाही. चंची फिरली. मालकांनी ती न उघडता पुढं सरकवली.

"काढा की, तात्या," नाना गुरव मालकांना म्हणाले.

मालकांनी कमरेचा पंप काढला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, पंपाचं.

"बेतानं घ्या," ते म्हणाले. "घरात काटा चालू झालाय."

नानांनी डोळे मिटून पंप तोंडात धरला. फुस्स. तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. "हा नवा जरा कडूच लागतोय."

"कंपनी बदललीय. स्वस्तातला हाय."

"आधीचा गोड हुता," दुसरा एक जण म्हणाला. "छातीत कसं गारेगार व्हायचं."

"फुकटचा घेता आणि चव बघता?" मालक म्हणाले.

पंप फिरला. फुस्स, फुस्स. एकानं तंबाखूवर घेतला. नानांनी मधेच हात घालून दुसऱ्यांदा घेतला. दम्याचं औषध, डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं, माझ्या मिरचीच्या पैशाचं, आणि ही ठणठणीत माणसं पेपरमिंटसारखं चघळत होती. माझं अंग असं तापलं की पोत्यातली पेंड शिजली असती. मी चप्पल हातात घेऊन उठले.

पंप शेवटी केरबाकडं आला होता.

त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. आधी छातीतली सगळी हवा बाहेर सोडली, ओठ घट्ट मिटले, दाबला, आणि श्वास धरून ठेवला. डॉक्टरीणबाई आमच्या मालकांना चार वेळा शिकवून थकल्या, अगदी तसा. मी उभ्या उभ्या दहा आकडे मोजले. मग त्यानं तसाच दुसरा घेतला. बाकीचे ऊसबिलावर बोलत होते. केरबाचे कानापर्यंत चढलेले खांदे हळूहळू खाली आले.

मालक ऊसबिलावर बोलत नव्हते. ते केरबाच्या खांद्यांकडं बघत होते.

त्याला एकट्याला दिला असता, तर त्यानं घेतला नसता. किंवा घेऊन दुसऱ्या दिवशी घणासकट भाता आणून आमच्या दारात ठेवला असता. म्हणून एकाच्या श्वासासाठी ह्यांनी पाच जणांना फवारून काढलं होतं. नाना गुरवांना दोनदा.

पण मी पोत्यांआडून उठलेली होते आणि माझं तोंड उघडलेलं होतं. उघडलेलं तोंड तसंच मिटायची मला सवय नाही.

"बरं झालं, सगळे एकत्र गावलासा," मी म्हणाले आणि चप्पल हळूच पायात घातली. "डॉक्टरीणबाईंचा निरोप हाय. हा पंप ज्याच्या ज्याच्या तोंडाला लागला, त्या सगळ्यांची छाती तपासावी लागती. उद्या सकाळी."

कट्टा गार पडला. मालकांचा हात कानाकडं जायला लागला. मी डोळ्यांनी खाली घालवला.

"का ओ वैनी?" नानांनी विचारलं. "काय हुतंय त्यानं?"

"ते मला सांगताना बाईंनी दार लावून घेतलं हुतं."

नानांनी जीभ बाहेर काढली आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसली.

"आणि न्हाई आलं तर?"

"न्हाई आलं तर नका येऊ. मी निरोप पोचवला."

"माझं उद्या काम हाय," केरबा म्हणाला. "मला न्हाई जमायचं."

"केरबा भावजी, तुमचंबी तोंड लागलंय. सगळ्यांचं जे हुईल ते तुमचं," मी म्हणाले. "एकट्याला सूट मागायची असली तर नानांना इचारा."

"न्हाई न्हाई," नाना म्हणाले. "सगळ्यांनी जायचं."

सकाळी दुधाच्या टेम्पोत सात माणसं आणि मी. आधी मी एकटीच आत जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या तोंडावर रुमाल धरून बराच वेळ हसल्या. मग एकदम गंभीर चेहरा करून बाहेर आल्या आणि सगळ्यांना ओळीनं उभं केलं.

त्यांच्याकडं फुंकायची नळी होती. जोरात फुंकलं की तिच्यावरचा काटा वर सरकायचा. नाना गुरव देवळात शंख वाजवणारे. त्यांनी काटा असा वर घातला की बाई मागं सरल्या. मग बाकीच्यांना चेव आला. जो तो पुन्हा फुंकतो म्हणायला लागला. मालकांचा काटाही बऱ्यापैकी चढला. मी देवाचं नाव घेतलं, मनातल्या मनात, कुणाला कळू न देता.

केरबानं फुंकलं. काटा जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा फुंकलं. आयुष्यभर भाता फुंकलेला माणूस. कट्ट्यावरचे सगळे एकदम आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

"तुमचा दमा जुना आहे, काका," बाई म्हणाल्या. "औषध घेत नाही का?"

"घेत हुतो. लई महाग पडाय लागलं, मग सोडलं."

बाईंनी औषधाचं नाव लिहिलं, कंपनीचं नाही. नळकांडं दिलं. जेनेरिकच्या दुकानात त्यानं किंमत ऐकली आणि दुकानदाराला पुन्हा विचारली.

"एवढंच व्हय?" म्हणाला. "ह्याला तर माझं दोन कोयतं पुरं हायत." आणि बंडीच्या खिशातून स्वतःचे पैसे काढले. मालक पुढं व्हायला लागले, तशी मी त्यांची बाही धरली.

बाकीच्यांना बाईंनी ताकीद दिली की दुसऱ्याचं औषध तोंडाला लावलं तर पुढच्या वेळी सुई. टेम्पोत नाना घरापर्यंत जीभ पुसत होते.

पुढं मी डंक परड्यातल्या शेडात हलवला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मोकळी जागा होती.

महिन्यानंतरची गोष्ट. केरबा दोन टोपणं घेऊन आला, बसवली, आणि वर मला म्हणाला, "वैनी, ते आतनं मोडलेलं मुसळ बरं झालं का?" मी म्हटलं, झालं. तो हसला आणि निघाला. परड्याच्या कुडावरून मी बघत होते. कोपऱ्यापर्यंत कुठं टेकला नाही.

तेवढ्यात मालक आले. दारातच थांबले नाहीत, सरळ शेडात शिरले. पंप वर धरून म्हणाले, "संपला."

मी कॅलेंडरकडं बघितलं. बरोबर तीस दिवस.

"कुणी संपवला?"

"मी," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "एकट्यानं."

मी डंक बंद केला, म्हणजे नीट ऐकू जावं.

"ऐका," मी म्हणाले. "तुमाला खोटं बोलता येत न्हाई, आणि चांगलं करायला गेलासा तर गावाच्या जिभा कडू करून ठेवता. पुन्हा मनात असलं काय आलं, तर आधी माझ्याकडं यायचं. चांगलं तुमी करा, खोटं मी बोलते."